पदक आणि सनद
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पदकसंग्रहाविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. माझा संग्रह लहान आणि विषयही एकच : इटलीच्या स्वातंत्र्यसमराची पदके. हाच देश का, असे पुष्कळ जण विचारतात. सावरकरांचा ‘जोसेफ मॅझिनी’ हा ग्रंथ १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला व सरकारने तो जप्त केला. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे मराठी घरांत परकी उरली नाहीत. मी ती आजोबांच्या तोंडून ऐकली. पुढे बोटीवर इंजिनियर असताना जिनोआ बंदर लागले आणि हा नाद जडला.

याच शहरानजीकच्या क्वार्तोहून ५ मे १८६० च्या रात्री गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक दोन आगबोटींतून निघाले व ११ मे रोजी सिसिलीतील मार्साला येथे उतरले. इतिहास त्यांना ‘सहस्र’ म्हणतो; १८७८ साली सरकारी गॅझेटात छापलेल्या यादीत नावे १०८९ आहेत. त्यांत स्त्री एकच, रोझाली मोंमासों. या वीरांना पालेर्मो नगराने पदक दिले. ते माझ्यासारख्याच्या आवाक्यातले नव्हे, आणि स्वस्तात मिळाले तर खरे नव्हे असे खुशाल समजावे.

सामान्य संग्राहकाला लाभते ते राजा व्हिक्टर इमॅन्युएल याने ४ मार्च १८६५ रोजी स्थापिलेले रौप्यपदक. एका बाजूस राजाचे मुख, दुसरीस उभी इटलीमाता. फीत हिरव्या, पांढऱ्या व तांबड्या पट्ट्यांची. सैनिक ज्या मोहिमांत लढला त्यांची वर्षे – १८४८, १८५९, १८६६ अशी – धातूच्या लहान पट्ट्यांवर घातलेली असतात. घोटाळा येथेच आहे. त्या पट्ट्या फितीत नुसत्या ओवलेल्या असतात. कोणीही त्यांत भर घालावी! शिवाय पदकावर सैनिकाचे नाव सहसा नसते. इंग्रजांनी १८५७–५८ च्या मोहिमेसाठी आपल्या फौजेला दिलेल्या पदकाच्या कडेवर नाव असते. (आपल्या बाजूने लढलेल्यांना पदक देण्यास कोणी उरलेच नव्हते, ही गोष्ट वेगळी.) इटलीच्या पदकाचा धनी कोण, हे सांगते ती सोबतची सनद.

हे मला तेव्हा उमगले नव्हते. १९७९ साली जिनोआत एका व्यापाऱ्याने पदक व सनद दोन्ही पुढे ठेवली. किंमत मात्र वेगवेगळी सांगितली. कागद डागाळलेला, घडीवर फाटलेला. मी चांदी घेतली आणि कागद सोडला. एवढ्यावर न थांबता बोटीवर येऊन ते पदक पॉलिश लावून लखलखीत केले. शंभर वर्षांची काळसर झाक पाच मिनिटांत नाहीशी झाली. पुढल्या फेरीत त्या दुकानी गेलो, तो सनद विकली गेली होती. तीवरचे नाव मी त्या दिवशी वाचले होते. आता ते काही केल्या आठवत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या पेटीत आजोबा-पणजोबांचे महायुद्धातील पदक असेल, तर कृपा करून ते घासू नका, फीत बदलू नका, आणि सोबतचा चिटोरा कितीही जीर्ण असला तरी पदकापासून दूर करू नका.

माझ्या संग्रहात प्रत्येक पदकाखाली एक चिठ्ठी आहे. त्या पदकाखालच्या चिठ्ठीवर वर्षे लिहिली आहेत. नावाची जागा कोरी आहे.