हादरती भूमी आणि हातातील भ्रमणध्वनी



मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या महामार्गावर चारोटी मागे पडली की डहाणू तालुक्याचा पूर्व भाग आणि पुढे तलासरी लागते. वारली समाजाच्या या मुलखात नोव्हेंबर २०१८ पासून भूमी हादरू लागली. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा ही नावे वृत्तपत्रांत झळकू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले; त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. माणसे थंडीत तंबूंत झोपली, मुले शाळेबाहेर उघड्यावर बसून शिकली. अशा आपत्तीत प्रत्येकाच्या हाती आलेला भ्रमणध्वनी कितपत उपयोगी पडेल, याचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

प्रथम मर्यादा समजून घेऊ. भूकंपाच्या पहिल्या लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर, तर अधिक हानी करणाऱ्या दुसऱ्या लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने धावतात. या अंतराचा लाभ घेऊन भ्रमणध्वनीवर काही क्षण आधी इशारा देता येतो. जपानमध्ये हे घडते. २०२३ पासून अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनींवर भारतातही अशी सोय आली आहे. कच्छमध्ये मोठा भूकंप झाला, तर त्याच्या दुसऱ्या लहरींना डहाणूस पोहोचण्यास दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागेल. तेवढ्यात इशारा येऊ शकतो. परंतु केंद्र पायाखालीच, दहा-बारा किलोमीटरवर असेल, तर तीन-चार सेकंदांत सारे घडून जाते. धुंदलवाडीच्या घराला यंत्राचा इशारा वाचवणार नाही. त्याला वाचवील ती घराची मजबुती आणि घरातील माणसांची सवय. हे सत्य लपवून तंत्रज्ञानाचे गोडवे गाणे म्हणजे लोकांची फसवणूक होय.

मग उपयोग कोणता? धक्क्यानंतरचा पहिला तास हा भ्रमणध्वनीचा खरा तास आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भुज हादरले तेव्हा दूरध्वनी यंत्रणा कोसळली आणि हौशी रेडिओचालकांनी जगाशी संपर्क जोडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत भ्रमणध्वनी होते, पण ऐन वेळी ते लागेनात. कारण उघड आहे. सारेच एकदम बोलू लागले की वाहिन्या तुंबतात आणि वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते. म्हणून अशा वेळी बोलण्यापेक्षा लघुसंदेश श्रेयस्कर; तो थोडक्या जागेतून वाट काढतो. २०२३ मध्ये देशभर भ्रमणध्वनी अचानक मोठ्याने वाजले आणि अनेक जण दचकले. ती शासनाच्या नव्या इशारा-पद्धतीची चाचणी होती. मनोऱ्याच्या टापूतील सर्व भ्रमणध्वनींवर एकाच वेळी संदेश पोहोचवणारी ही पद्धत गर्दीने तुंबत नाही.

दुसरा उपयोग अफवेच्या बंदोबस्ताचा. ‘आज रात्री मोठा भूकंप होणार’ असा निरोप आला, तर तो खोटा समजावा. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचे भाकीत करणारे शास्त्र जगात कोठेही नाही. झालेल्या धक्क्याची वेळ, तीव्रता आणि खोली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या ॲपवर पाहता येते. उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत किंवा दूरच्या मच्छीमार बोटींवर गेलेल्या कर्त्या पुरुषाला घरची खरी बातमी मिळणे, हीदेखील मोठी सेवाच आहे.

तिसरा उपयोग पंचनाम्याचा. पडलेल्या भिंतीचे स्थळ आणि वेळ यांसह छायाचित्र त्याच दिवशी घेतले, तर भरपाईच्या अर्जाला आधार मिळतो. पाऊस आल्यावर ती भिंत चिखल होते आणि पुरावाही वाहून जातो.

परंतु यंत्र आपण होऊन काहीच करत नाही. पूर्वेकडील डोंगराळ पाड्यांत रेंज तुटक आहे. तेथे कोणत्या टेकाडावर ती मिळते हे आधीच माहीत हवे. पाड्यातील वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दिव्यांग यांची यादी वहीत लिहिलेली हवी. बॅटरी संपली तरी वही उघडते. दर दहा घरांमागे एकाने खुशालीचे निरोप गोळा करावेत आणि सर्वांचा मिळून एकच संदेश तालुक्याला धाडावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन साहाय्याचा ११२ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावेत. सूचना वारली बोलीत ध्वनिमुद्रित असावी. ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही, तिलाही नातवाच्या भ्रमणध्वनीवर ती ऐकता येईल.

हे सारे करायला मोठा निधी लागत नाही. लागतो तो पाड्यात नित्य जाणारा, नावानिशी घरे ओळखणारा कार्यकर्ता. संकटाच्या रात्री अनोळखी क्रमांकावरून आलेल्या संदेशापेक्षा ओळखीच्या माणसाच्या आवाजावर लोक अधिक विश्वास ठेवतात. तो विश्वास भूमी शांत असतानाच मिळवावा लागतो.