तुटपुंज्या पैशांतलं पोषक जेवण

महिन्याचा किराणा हात राखून भरावा लागतो तेव्हा ताटातला भात किंवा पोळी सहसा कमी होत नाही. कमी होते ती डाळ, भाजी आणि ताक. पोट भरतं, पण वाढत्या मुलांचं आणि कष्टकऱ्यांचं शरीर उपाशी राहतं. म्हणून धान्यावर वाचेल तो पैसा आधी डाळी-कडधान्यांकडे वळवणं, हा काटकसरीच्या आहाराचा पहिला नियम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. एवढ्याने महिना निघत नसला, तरी थोडी बचत होतेच.

डाळ म्हणजे तूरच, असा हट्ट नको. मसूर, चवळी, मटकी, हुलगे यांतली जी त्या महिन्यात स्वस्त असेल ती घ्यावी. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. त्यामुळे भाकरी-पिठलं किंवा मुगाची खिचडी हे पूर्ण अन्न ठरतं. तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, हे प्रमाण धरावं.

मटकीला मोड आणले की ती आणखी गुणकारी होते. रात्री भिजवायची, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. उसळ फार शिजवू नये आणि वरून लिंबू पिळावं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र हेच लोह अडवतो. तो तासाभराने घ्यावा.

पालेभाजी हंगामातली घ्यावी. संध्याकाळी बाजार उठताना भाजीचे वाटे स्वस्त मिळतात. मुळ्याचा पाला टाकून देणं ही तर निव्वळ उधळपट्टी: बेसन पेरून त्याची झकास भाजी होते. दारच्या शेवग्याचा पालाही तसाच. फळांत पेरू संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्वाने कितीतरी सरस. आठवड्यातून दोनतीनदा नाचणीची भाकरी केली तर कॅल्शियम मिळतं. खाणाऱ्यांनी अंडी घ्यावीत; कोकणात सुका जवळाही परवडतो.

पैसा गळतो तो बिस्किटांच्या पुड्यांत, फरसाणात आणि तेलात. तेल माणशी महिन्याला अर्धा किलो पुरे. मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याला भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे उत्तम.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. अनेक घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला आमटीचं नुसतं पाणी येतं. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर डाळीची गरज सर्वांत जास्त. तिच्या वाट्याचं घट्ट वरण आणि भाजी वाढायला सुरुवात करण्याआधीच वाटीत काढून ठेवावी.