पहिला पेला



येत्या शुक्रवारी, ७ फेब्रुवारी २०२५ला, ड्रीम थिएटर या बँडचा ‘पॅरासोम्निया’ हा अल्बम येतो आहे. हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कित्येकांनी बोटांवर दिवस मोजले असतील. मला आज आठ मिनिटं मिळाली आहेत ती अल्बमची ओळख करून द्यायला, आणि तसं टिपण मी लिहूनही आणलं होतं. पण परवा रात्री माझ्या भाचीचा फोन आला, तेव्हापासून माझं त्या टिपणात लक्ष लागत नाही.

ती म्हणाली, “मामा, पहिली परीक्षणं आली रे. एकानं तारे कापलेत. लिहिलंय, नवं काहीच नाही.” आवाज अगदी पडलेला. मी विचारलं, “तू ऐकलास का?” म्हणाली, “अजून आलाय कुठे?” “मग तुला वाईट कशाचं वाटतंय?” यावर तिला काही बोलता येईना. गेले चार महिने ही मुलगी या अल्बमची वाट बघते आहे, आणि एक सूरही ऐकण्याआधी तिचा आनंद निम्मा झाला होता.

म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती दोनतीनदा सांगणार आहे. अल्बम आधी आपल्या कानांनी ऐका. परीक्षण नंतर वाचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे नवा माठ येतो. कुंभाराकडे चार माठ टिचकी मारून बघायचे, खणखणीत वाजेल तो घ्यायचा. घरी आणला की धुऊन काठोकाठ भरायचा आणि तसाच ठेवायचा. ते पाणी कुणी पीत नाही, झाडांना घालतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माठ पाझरायला लागतो, अंगावर ओल धरतो, आणि मग दुपारी बाहेरून येऊन जो पेला आपण पितो त्याची सर कशालाच नाही. आता पहिल्याच दिवशी कुणी पेला बुडवला, तोंडाला लावला आणि म्हणाला, “मातकट आहे,” तर तो खोटं बोलत नाही. त्या दिवशीचं पाणी मातकटच लागतं. पण तेवढ्यावरून माठ वाईट ठरवून परत करायला निघालात, तर उन्हाळाभर तहानलेले तुम्हीच राहाल.

पहिल्या आठवड्यातलं परीक्षण म्हणजे हा पहिल्या दिवसाचा पेला. परीक्षकाला दोष देत नाही मी. त्याच्याकडे अल्बम थोडे दिवस आधी येतो, शब्दांची मर्यादा असते, तारीख ठरलेली असते. दोनदा ऐकून त्याला लिहावंच लागतं. पॉपच्या तीन मिनिटांच्या गाण्यांना तेवढं पुरत असेल. इथे आठ रचना मिळून एकाहत्तर मिनिटं होतात. शेवटची ‘द शॅडो मॅन इन्सिडंट’ एकटीच जवळजवळ वीस मिनिटांची आहे.

आणि हे संगीत पहिल्या भेटीत सगळं सांगत नाही. याच बँडचा १९९९चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ आठवा. त्यात १९९२च्या ‘मेट्रोपोलिस’ या गाण्यातल्या सुरावटी कुठे कुठे परत येतात, कधी वेगळ्या लयीत, कधी दुसऱ्याच वाद्यावर. एका ऐकण्यात त्या कुणाला सापडल्या असतील? त्यातल्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’त सहा-सव्वासहा मिनिटांत शंभराहून अधिक वेळा मात्रांचा हिशोब बदलतो. आपण रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा धरायला शिकलेली माणसं. तरी तिथे सम कुठे आहे ते मला कळायला किती दिवस लागले, काय सांगू! २००९च्या डिसेंबरात पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये, अशाच संगीताच्या पोर्क्युपाइन ट्री या बँडचा कार्यक्रम झाला होता. माझ्या शेजारी एक मुलगा डोळे मिटून उभा होता आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होता, गाण्याच्या बैठकीत आपली जुनी मंडळी मोजतात तशा. चुकला की मूठ उघडून पहिल्यापासून सुरू करायचा. तो सहज पंचविसाव्यांदा ऐकत असेल ते गाणं.

आता पोर्टनॉयचं. ड्रमवादक माइक पोर्टनॉय सप्टेंबर २०१०मध्ये बँडमधून बाहेर पडला, ऑक्टोबर २०२३मध्ये परतला. २००९च्या ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लाइनिंग्ज’नंतर ड्रीम थिएटरच्या नव्या अल्बमवर त्याचा हात पहिल्यांदाच ऐकू येणार. मग परीक्षणं सुरू होतात तीही तिथूनच आणि संपतातही तिथेच: तो पूर्वीसारखा वाजवतो की नाही. नव्या माठात जुन्या माठाची चव शोधायची, हे काय? मधले पाच अल्बम माइक मँजिनीनं वाजवले आहेत. त्यातल्या शेवटच्या, २०२१च्या अल्बममधल्या ‘द एलियन’नं या बँडला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. अशा वादकाबद्दल “चला, आता खरं ड्रीम थिएटर परत आलं” असं कुणी लिहितं, तेव्हा मला मनापासून राग येतो. मँजिनीवर खरं तर स्वतंत्र बोलायला हवं, त्याच्या हातांच्या स्वातंत्र्याबद्दल, तो दोन्ही हातांनी दोन वेगळे… असो, ते राहू द्या. घड्याळ पुढे चाललंय.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. या अल्बममधलं ‘नाइट टेरर’ हे गाणं आधीच, ऑक्टोबरात आलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं, रिफ ओळखीचा आहे, यात विशेष काही नाही. त्या रात्री मला कुणी तारे द्यायला सांगितले असते तर मीही हात आखडता घेतला असता. आठवड्याभरानं एका संध्याकाळी भांडी घासत होतो, आणि मधला वाद्यांचा भाग आपोआप डोक्यात सुरू झाला. बघतो तर माझी ओली बोटं कढईच्या काठावर तो ठेका धरताहेत. गाणं आठवडाभर आत मुरत होतं, मला पत्ताच नव्हता. तो आठवडा परीक्षकाला मिळत नाही. तुम्हाला मिळतो, तर तो का फुकट घालवता?

म्हणून पुन्हा सांगतो, आधी कान. आणि सलग ऐका. अल्बम झोपेच्या विकारांवर आहे: दचकून जागं होणं, झोपेत चालणं, जाग आली तरी अंग न हलणं. सुरुवात वाद्यसंगीतानं आहे आणि क्रमाला अर्थ आहे. एखादं गाणं सुटं काढून, बसमध्ये दोन थांब्यांच्या मध्ये ऐकू नका. ‘ऐकायला वेळ कुणाला आहे’ असं म्हणू नका. २०१९मध्ये टूल या बँडनं तेरा वर्षांनी अल्बम काढला, आणि ‘फिअर इनॉक्युलम’ हे त्याचं शीर्षकगीत अमेरिकेच्या हॉट हंड्रेड यादीत गेलं. दहा मिनिटांहून मोठं गाणं त्या यादीत जाण्याची ती पहिली वेळ होती. ऐकणारे थांबतात, श्रोतेहो.

सलग ऐकण्याचा आग्रह का, तेही सांगतो. कॉलेजात माझ्याकडे ड्रीम थिएटरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ होता, मित्राकडून साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतलेला. दुसरी बाजू पाऊण-एक मिनिटानं कमी पडली, आणि ‘लर्निंग टू लिव्ह’चा शेवट त्यात आलाच नाही. टेप खट्‌ करून थांबायची. कित्येक वर्षं मला वाटायचं, गाणं तिथेच संपतं, असं तुटूनच. पुढे सीडी घेतली. ती खट्‌ची जागा आली, मी सवयीनं हात उचलला, आणि गाणं पुढे चालूच राहिलं. मी तसाच उभा राहिलो, हात हवेत. माझ्या मनातलं ते गाणं तोवर अपुरंच होतं. भाचीला जे परीक्षण वाचून कळलं, ते तर याहूनही…

काचेपलीकडून खूण होते आहे, एक मिनिट उरलंय. शुक्रवारी रात्री भाचीला मी घरी बोलावलंय. तिचा फोन स्वयंपाकघरात राहील, दिवे बंद, आणि एकाहत्तर मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. शनिवारी पुन्हा ऐकायचं. रविवारी तिसऱ्यांदा, आणि त्यानंतर ती सगळी परीक्षणं तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवायची, असं ठरलंय. तुम्हीही चारसहा जण मिळून बसलात तर फार बरं होईल. फक्त हेडफोन नको, स्पीकर लावा, कारण बँडच्या मायंगचा बास हेडफोनमध्ये… नाही, वेळ संपली म्हणताहेत.