अहवाल ज्या टेबलावरून बाहेर पडतो

(युवा अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



आत्ता माझी ओळख करून देताना ‘तुरुंगांची तपासणी करणाऱ्या ताई’ असं म्हटलं गेलं. ऐकायला छान वाटलं, पण ते तितकंसं खरं नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांची तपासणी करणारं एक स्वतंत्र निरीक्षणालय आहे. मी त्याच्या कार्यालयात काम केलं आणि शेवटची काही वर्षं तिथल्या प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे होती. निरीक्षक कमरेला चाव्या लावून बराकींमध्ये फिरायचे. मी वेळापत्रकं, मसुदे, पत्रं, बिलं, भरती आणि छपाई बघायचे. रत्नागिरीकडच्या आमच्या नातेवाइकांना हे समजावून सांगता सांगता अम्मी थकली आणि तिने एकदाचा निकाल दिला, ‘ती तिकडे हेडक्लार्क आहे.’ मला तो मान्य आहे. आज मी हेडक्लार्कच्या कामाबद्दलच बोलणार आहे, कारण तुरुंगाबद्दल बोलताना आपल्याकडे वकील, न्यायाधीश, कार्यकर्ते या सगळ्यांची आठवण होते, पण या माणसाची कधीच होत नाही.

थोडा इतिहास सांगते. तुरुंग खात्याने स्वतःच स्वतःची तपासणी करायची, ही पद्धत तिथेही होती. १९७९ साली मे समितीने सांगितलं की तपासणी खात्याच्या बाहेर काढा. १९८१ पासून स्वतंत्र निरीक्षणालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. मुख्य निरीक्षक तुरुंग खात्याबाहेरचा असतो. एक न्यायाधीश होते, स्टीफन ट्यूमिम. तेव्हा कित्येक कोठड्यांमध्ये संडास नव्हता. रात्रभर भांडं वापरायचं आणि सकाळी रांगेत उभं राहून ते रिकामं करायचं. ट्यूमिम यांनी या प्रकारावर सतत टीका केली. १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात मोठा उद्रेक झाला, मग लॉर्ड वूल्फ यांचा अहवाल आला आणि १९९६ साली ती पद्धत अधिकृतपणे संपली. ट्यूमिम यांच्यानंतर आले लष्करातले निवृत्त जनरल डेव्हिड रॅम्सबॉथम. १९९५ च्या डिसेंबरात हॉलोवेच्या महिला तुरुंगाची अवस्था पाहून ते तपासणी अर्धवट सोडून बाहेर पडले आणि देशभर गाजले.

या गोष्टी सांगायला रंगतदार आहेत, लोकांना त्याच लक्षात राहतात. पण जनरलसाहेब बाहेर पडले तेव्हा त्यांच्यामागे एक कार्यालय होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं कागदावर उतरवणारी, ते छापणारी आणि पुढच्या तपासणीत ‘मागच्या वेळी काय सांगितलं होतं, किती झालं?’ हे काढून देणारी माणसं होती. ती नसती तर एका रागावलेल्या माणसाची बातमी झाली असती, दोन दिवस चालली असती आणि विरली असती.

आता काम कसं चालतं ते सांगते. बहुतेक तपासण्या न कळवता होतात. कुठल्या तुरुंगात कधी जायचं हे काही मोजक्या लोकांनाच माहीत असतं. म्हणजे कार्यालयाने गाड्या, हॉटेल, माणसांच्या रजा हे सगळं जमवायचं, पण गावाचं नाव फुटू द्यायचं नाही. आपल्याकडे साहेबांचा दौरा म्हटला की आठवडाभर आधी चुना लागतो, फुलांच्या कुंड्या येतात. कुंड्या येऊ न देणं हेसुद्धा प्रशासनाचंच काम आहे!

पथक पोचलं की संशोधक आधी कैद्यांची चाचणी-पाहणी करतात. नावं तुरुंगाने निवडायची नाहीत, यादीतून यदृच्छेने निवडायची. प्रश्नावली अनेक भाषांत असते. वाचता न येणाऱ्याला कुणीतरी शेजारी बसून प्रश्न विचारतं. उत्तर बंद पाकिटात येतं. मग निरीक्षक चार गोष्टी तपासतात. माणूस तिथे सुरक्षित आहे का? त्याला माणसासारखं वागवतात का? दिवसभर त्याला काही उपयोगाचं करायला मिळतं का? आणि सुटल्यावर नीट जगता यावं याची काही तयारी होते का? प्रत्येकाला एक ते चार असे गुण मिळतात. चौघा निरीक्षकांनी चार वेगवेगळ्या तुरुंगांत दिलेला ‘दोन’ सारख्याच अर्थाचा असायला हवा. त्यासाठी निकष लिहून ठेवलेले आहेत आणि ते जाहीर आहेत. कैद्यालाही ते वाचता येतात.

सगळ्यात जड काम पत्रांचं होतं. कैद्याने मुख्य निरीक्षकांना लिहिलेलं पत्र तुरुंगाने उघडायचं नसतं. त्यामुळे पत्रं येत. कैद्यांची येत, त्यांच्या आयांची, बायकांची येत. एकदा एका वडिलांचं चार पानी उर्दू पत्र आलं. कार्यालयात ते वाचू शकणारी मीच होते. मुलाला मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, मुलाखतीला गेलो तर तो बारीक दिसला. तीन पानं एवढंच होतं. चौथ्या पानावर आमच्यासाठी दुआ होती.

पण निरीक्षणालयाला वैयक्तिक तक्रारीची चौकशी करण्याचा अधिकार नाही. त्यासाठी वेगळा लोकपाल आहे. म्हणजे उत्तरात ‘आम्ही तुमच्या मुलाचं प्रकरण हाती घेऊ शकत नाही’ हे वाक्य लिहावंच लागतं. ते वाक्य कसं लिहायचं, यावर मी माझ्या सहकाऱ्यांबरोबर तासन्‌तास बसले आहे. कुठे अर्ज करायचा, कोणत्या पायरीने करायचा, हे सोप्या भाषेत लिहायचं. धोका असेल तर त्याच दिवशी योग्य ठिकाणी फोन करायचा. आणि पत्रातला मजकूर नोंदवून ठेवायचा. एकाच तुरुंगातून औषधांबद्दल चौथं पत्र आलं तर ती निव्वळ चार माणसांची तक्रार राहत नाही. पुढच्या तपासणीत औषधवाटपाच्या खिडकीपाशी निरीक्षक जास्त वेळ उभा राहतो. पत्र लिहिणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

आणि नाव लपवायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. अहवालात ‘एका कैद्याने सांगितले’ असं लिहिलं आणि त्या विभागात इन्सुलिन घेणारे दोघेच असले, तर नाव न लिहिताही नाव कळतं. माझ्या टेबलावर मसुदा आला की मी आधी अशी वाक्यं शोधायचे. निरीक्षकाशी बोलला म्हणून कुणाला त्रास होऊ नये यासाठी तिथे लेखी कार्यपद्धती आहे. पण कार्यपद्धतीच्या आधी, मसुदा वाचणाऱ्याला त्या दोघांची काळजी वाटली पाहिजे.

मग येतो सगळ्यात नाजूक टप्पा. अहवाल छापण्याआधी तुरुंगाकडे जातो, तपशिलाच्या चुका दाखवण्यासाठी. हे योग्यच आहे. कोठड्या साठ असताना आपण सत्तर लिहिलं, तर पुढच्या सगळ्या अहवालावरचा विश्वास जातो. पण तपशील आणि मत यांच्यामधली रेघ कार्यालयाला राखावी लागते. एका तुरुंगाकडून, नाव सांगत नाही, मसुदा परत आला. ‘कोठड्या घाणेरड्या होत्या’ यावर खूण करून सुचवलं होतं, ‘काही कोठड्यांच्या स्वच्छतेत सुधारणेस वाव होता’. भाषा सभ्य, हेतूही कदाचित वाईट नसेल. पण ‘सुधारणेस वाव’ वाचून कुणीही जागचं उठत नाही. निरीक्षकाच्या टिपणात कोठड्यांचे क्रमांक होते, छायाचित्रं होती. आम्ही लिहिलं, कोणती कोठडी स्वच्छ होती ते कळवा, तेवढी वगळू. काही उत्तर आलं नाही. शब्द तसाच छापला गेला.

हे निरीक्षणालय म्हणजे स्वर्ग आहे असं समजू नका. त्याचा पैसा न्याय मंत्रालयाकडून येतो आणि तुरुंगही त्याच मंत्रालयाखाली आहेत. मुख्य निरीक्षकाची नेमणूक तोच मंत्री करतो. २०१४ मध्ये निक हार्डविक यांना मुदतवाढीऐवजी पदासाठी पुन्हा अर्ज करायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. ज्याच्याकडे नोकरी मागायची त्याच्यापासून स्वतंत्र राहता येत नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. शिवाय निरीक्षणालय फक्त शिफारस करू शकतं, हुकूम देऊ शकत नाही. म्हणून २०१७ च्या अखेरीस एक तजवीज झाली. एखाद्या तुरुंगाची अवस्था फारच गंभीर असली तर मुख्य निरीक्षक थेट मंत्र्याला पत्र लिहितो, ते पत्र जाहीर होतं आणि मंत्र्याने २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यायचं असतं. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम, एक्सेटर, बर्मिंगहॅम अशी पत्रं गेली. बर्मिंगहॅमचा तुरुंग खासगी कंपनी चालवत होती, तो सरकारने ताब्यात घेतला. यात अधिकार कुठला होता? एक पत्र, एक तारीख आणि ते सर्वांना वाचता येणं, एवढाच.

आता आपल्याशी जवळचा विषय. २०१० साली, ॲन ओवर्स मुख्य निरीक्षक असताना, या संस्थेने मुस्लिम कैद्यांच्या अनुभवावर स्वतंत्र अहवाल काढला. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. धर्मपालनाची सोय बऱ्यापैकी आहे, असं मुस्लिम कैदी सांगत होते. पण आपण सुरक्षित आहोत का, कर्मचारी आपल्याशी कसे वागतात, यावर त्यांची उत्तरं इतरांपेक्षा वाईट होती. कर्मचारी त्यांच्याकडे अतिरेकाच्या चष्म्यातून बघत होते आणि दहशतवादाच्या गुन्ह्यांत आत असलेले एक टक्कासुद्धा नव्हते. हे भाषण करून पटलं नसतं. ते पटलं कारण प्रत्येक तुरुंगात, प्रत्येक तपासणीत, वर्षानुवर्षे तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जात होता आणि कुणीतरी ती पाकिटं उघडून आकडे भरत होतं. आजही तिथल्या तुरुंगांत मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या दुपटीहून जास्त आहे. अहवालाने ते बदललं नाही. पण ते नाकारणं अवघड झालं.

योगायोगाने पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महाराष्ट्र राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी आपल्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. बहुतेक जण तरुण, गरीब आणि कमी शिकलेले. चांगला अभ्यास आहे, जरूर वाचा. पण तो एकदा झालेला अभ्यास आहे. दर वर्षी तोच प्रश्न विचारणारं कार्यालय आपल्याकडे नाही.

आणि गंमत बघा, आपल्याकडे तपासणारे लोक कायद्यात आहेत. प्रत्येक कारागृहासाठी अभ्यागत मंडळ असावं, त्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि काही अशासकीय सदस्य असावेत, असं नियमांत आहे. १९८३ मध्ये शीला बरसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांच्या बाबतीत आदेश दिले, त्यात न्यायाधीशांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेट द्यावी हेही होतं. चाळीस वर्षांपूर्वी! पण अभ्यागत आले की शेरा लिहितात कुठे? तुरुंगातल्याच नोंदवहीत. तो वर पाठवतो कोण? अधीक्षकच. अनेक ठिकाणी मंडळ नेमलेलंच नसतं, नेमलं तर बैठक होत नाही. मंडळाला स्वतःचं टेबल नाही, लिपिक नाही, छपाई नाही. माणूस भला असला तरी त्याचा शेरा वहीतच राहतो.

तुरुंगात आहेत कोण? २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन, ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. नव्या फौजदारी संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल, एकाहून जास्त खटले असतील तर नाही. त्यासाठी कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी अधीक्षकावर आहे. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आता हे काम काय आहे? अटकेची तारीख बघा, कलमाची शिक्षा बघा, तिनाने भागा, अर्ज टाका. तिसरीतलं गणित आहे. ते न केल्यामुळे कुणाचा तरी मुलगा आत राहतो.

म्हणून मी तुमच्यातल्या सगळ्यांना वकील व्हा असं म्हणणार नाही. ज्यांना तक्ते आवडतात, ज्यांचं अक्षर चांगलं आहे, ज्यांना फाइल हरवली तर झोप येत नाही, अशांना मी शोधायला आले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं, त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. आणि दुसरं काम आजच होण्यासारखं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, एवढीच मर्यादा आहे. तेवढे पुरतात. तुमच्या जिल्ह्यातल्या कारागृहाचं अभ्यागत मंडळ कोणत्या तारखेला नेमलं, गेल्या दोन वर्षांत त्याच्या भेटी कोणकोणत्या तारखांना झाल्या, नोंदवहीतल्या शेऱ्यांच्या प्रती द्या. ‘का’ विचारू नका, तारखा आणि प्रती मागा. ‘का’ला उत्तर टाळता येतं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, पोच घ्या, तीस दिवस मोजा. उत्तर आलं नाही तर अपील करा. आलं तर ते एका तक्त्यात भरा आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राच्या तक्त्याशेजारी ठेवा. अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय, झेरॉक्स जरा फिकट आली आहे. कारागृहाच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे.