धावणाऱ्यांच्या नडग्या
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा प्रसंगी शिक्षण, काटकसर, विवाहातील खर्च इत्यादी विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आपले लक्ष गुडघ्याखालच्या पायाकडे वेधणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात भल्या पहाटे डांबरी सडकेवर धावणारी जी मुले-मुली आपण पाहतो, त्यांच्या घराचे भवितव्य पुष्कळ अंशी या पायांवरच अवलंबून असते. पोलीसभरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जेथे शेती पावसाच्या हवाली, तेथे ही नोकरी म्हणजे उसाच्या फडातून कायमची सुटका, हे मी आपणांस सांगावयास नको.

भरतीची जाहिरात निघते आणि काल घरी बसलेला मुलगा आज सकाळ-संध्याकाळ धावू लागतो. दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. आई म्हणते, वात आहे, गरम तेल लाव. वडील म्हणतात, कामचुकारपणा आहे. वस्तुतः दोन्ही निदाने चुकीची होत.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून पायावर येतो, आणि १६०० मीटरांत अशी हजाराहून अधिक पावले पडतात. दम काही आठवड्यांत वाढतो. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा, नडगीच्या हाडावरील पातळ आवरण आणि खुद्द ते हाड यांना मात्र बळकट होण्यास महिने लागतात. छाती ‘पळ’ म्हणते आणि पाय ‘थांब’ म्हणतो, असा हा प्रकार आहे.

आपल्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. सहा किलोमीटरवरील शाळेत पायी जाणारा हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे सैन्यात गेला आणि ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे घोट्याची कसोटी किती, ते पाहा! घोट्याच्या दुखापतीमुळे ते २०१८ च्या आशियाई स्पर्धांस मुकले. तथापि त्याच वर्षी भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले. दुखापत होणे म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे सांगण्यास याहून मोठा दाखला मजपाशी नाही.

आता घरच्या घरी ओळखावे कसे? नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटे लांबीवर पसरलेली ठणक असेल, तर ती बहुधा आवरणाची व स्नायूंची कुरकुर होय. परंतु एकाच बोटाखाली नेमकी कळ निघते, रात्री झोपेतही दुखते, एका पायावर उडी मारवत नाही, असे असल्यास हाडास बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. तेथे तेल चोळणे, मांत्रिक वा हाडवैद्य गाठणे सर्वथा वर्ज्य. क्ष-किरणाच्या पहिल्या चित्रात हा तडा दिसतोच असे नाही, म्हणून ‘फोटो साफ आहे’ एवढ्यावर विसंबू नये. मुलींच्या मातांनी एक गोष्ट संकोच न धरता विचारावी: पाळी बंद झाली आहे काय? अपुऱ्या आहारावर धावणाऱ्या मुलींची हाडे लवकर झिजतात. आणखी एक प्रकार असा की ठराविक अंतर धावल्यावर पोटरी दगडासारखी ताठते, पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे उतरते. तो स्नायूंभोवतीच्या आवरणातील दाब असू शकतो; तेथे तज्ज्ञच हवा.

टाचेमागच्या कंडरेची कथा मोठी मनोरंजक आहे. हाकन आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे अस्थिवैद्य स्वतःच या दुखण्याने त्रस्त होते. शस्त्रक्रिया मिळेना, तेव्हा कंडरा पुरती बिघडावी म्हणून ते मुद्दाम तिला ताण देऊ लागले, आणि ती बरी झाली! १९९८ मध्ये त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली सोडावी, पंधरा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. यास दाम पडत नाही. पायरी मात्र हवी. उलट त्याच जागी स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतल्यास कंडरा तुटण्याचा धोका संभवतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनीही ती दुर्बळ होऊ शकते; यास्तव ताप-जुलाबासाठी औषध घेताना आपला मुलगा धावतो, हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

नडगीच्या साध्या ठणकेस खाटेवर पडून राहण्याची गरज नाही. धाव निम्मी करावी, डांबर सोडून मऊ मातीवर यावे, सायकल चालवून दम राखावा आणि दुखणे शमल्यावर अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. बूट झिजले असल्यास बदलावेत. मुलाच्या क्लासची फी भरणारे पालक बुटांपाशी हात आखडतात, हे मला नेहमीच नवल वाटते.

शेवटी, परीक्षा आठ दिवसांवर आली आणि पाय दुखतो, तर काय करावे? ठणक पसरलेली असेल, तर ते आठ दिवस धाव बंद ठेवून मुलास मैदानावर जाऊ द्यावे. कळ एका बोटाखालची असेल, तर पाय बधिर करून त्यास धावविण्याचा आग्रह धरू नये. त्या दिवशी त्यास घरी ठेवावे आणि पुढील भरतीपर्यंत वय किती उरते, याचा हिशेब शांतपणे मांडावा.