जुन्या फटफटीची दुरुस्ती



आमच्या नायगांवच्या घरीं गोठ्याला लागून एक पत्र्याची पडवी आहे. तींत एक जुनी जावा फटफटी वीस वर्षें पडून होती. वडील गेल्यावर तिला कोणीं हात लावला नव्हता. दर दिवाळीला साफसफाई निघाली, म्हणजे ती भंगारवाल्याला देण्याचा ठराव होई, आणि आई कांहीं तरी निमित्त काढून तो टाळी. अखेर गेल्या वर्षीं ती दुरुस्त करण्याचें मीं मनावर घेतलें. मी पेशानें शिक्षक. तेव्हां आज मी बोलणार आहें तो तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर चुका करून शिकलेला एक गृहस्थ म्हणून.

जावा हें मूळचें तेव्हांच्या चेकोस्लोव्हाकियांतलें यंत्र. १९६१ सालापासून तें म्हैसूरला तयार होऊं लागलें. १९७३ पासून त्याला येझदी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. हीं नांवें अलीकडे नव्या गाड्यांवर पुन्हां दिसतात, पण त्यांचें यंत्र निराळें. जुन्या जावाची खूण म्हणजे तिची दांडी. तीच आधीं किक मारावयास कामीं येते, आणि मग वळवून गिअर बदलावयास!

माझ्या गाडीचा पिस्टन, म्हणजे आपला दट्ट्या, गंजून पक्का बसला होता. हातोडी उचलण्याचा मोह आवरून मीं प्लगच्या भोंकांतून डिझेल ओतलें व आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशीं तो केसभर हलला. टाकींत बारीक खडी व साबणाचें पाणी घालून ती खळखळून धुतली. कार्ब्युरेटरचें छिद्र तारेनें टोकरलें नाहीं, कारण तें मोठें झालें कीं पेट्रोलचा हिशेबच चुकतो. तें हवेच्या झोतानें मोकळें केलें. ब्रेकमधील धूळ फुंकली नाहीं. जुन्या ब्रेकांत ॲस्बेस्टॉस असे, आणि तें फुप्फुसाला घातक; ओल्या फडक्यानें पुसावें हेंच बरें. पंधरा वर्षांनंतर लागणारें नोंदणीचें नूतनीकरणही यथाकाल झालें.

इतकी सावधगिरी बाळगून मी चुकलों तो भलत्याच ठिकाणीं. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येंच लिटरला सुमारें ४० मिलिलिटर तेल मिसळावें लागतें. हें मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या बंद कोठडींत शिरतें, तेथें दाबलें जातें, आणि मग वर जळावयास जातें. त्या कोठडींतून बाहेर येणाऱ्या आंसाभोंवतीं ऑइल सील नांवाचीं रबरी कडीं असतात. वरून तीं बरीं दिसलीं, म्हणून मीं काटकसर केली व तींच राहूं दिलीं. गाडी सुरू झाली. घरांत पेढेही आले. मुलाला मागें बसवून मी नर्सीच्या रस्त्याला लागलों. थोड्या वेळानें आवाज एकाएकीं चढला, इंजिन तापलें, आणि दट्ट्या जागींच अडकून मागचें चाक फरपटूं लागलें. हातून क्लच दाबला गेला, म्हणूनच आम्ही दोघे पडलों नाहीं. रबर वाळून चिरलें होतें. त्यांतून हवा शिरून मिश्रण विरळ झालें होतें. कड्यांवर वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च सिलिंडर कातून नवा दट्ट्या बसविण्यांत गेला. त्याहून मोठी किंमत कदाचित् मुलाला द्यावी लागली असती, हा विचार आजही मला स्वस्थ बसूं देत नाहीं.

नंतर प्रश्न आला पुढच्या मडगार्डाचा. वडील गुरांचे डॉक्टर होते. पावसाळ्यांत आमची काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्यें इतकी भरते कीं चाक फिरेनासें होतें. त्यांनीं लोहाराकडून तो पत्रा कापून वीतभर उंच बसविला होता. शौकिनांच्या प्रदर्शनांत अशा गाडीला मान नाहीं, म्हणून मी मूळ साच्याचा मडगार्ड मागविणार होतों.

त्याच सुमारास मोटोक्रॉसविषयीं कांहीं वाचनांत आलें. चिखल व चढउतार यांतून फटफट्या पळविण्याच्या या शर्यतीचा आरंभ १९२४ सालीं इंग्लंडांत कॅम्बर्लीला झाला. १९६४ सालीं बेल्जियमच्या जोएल रोबेर यांनीं जावाच्याच सहोदर अशा ‘चेझेट’ गाडीवर त्यांतलें २५० घनसेंटिमीटर वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. आज या शर्यतींच्या गाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला उंच असतो, आणि कारण तेंच, चिखल! वडिलांनीं त्या शर्यती कधीं पाहिल्या नव्हत्या. त्यांना तो धडा नायगांवच्या मातीनें दिला.

मीं हें आईला उत्साहानें सांगितलें. ती म्हणाली, “तें मला ठाऊक नाहीं. त्या कापलेल्या पत्र्यामुळें पावसाळ्यांत ते रात्रीं घरीं पोंचत, एवढें ठाऊक आहे. तो बदलायचा असेल, तर गाडी भंगारांतच दे.”

पत्रा बदलला नाहीं. कापलेली धार घांसून त्यावर तेलाचा हात फिरविला, एवढेंच.

यंदा पहिल्या पावसानंतर मी शेतापर्यंत जाऊन आलों. चिखल चाकाबरोबर वर आला, आणि पत्र्याखालीं न अडकतां गळून पडला. दाराशीं गाडी उभी करून आंत गेलों, तों आईनें चहाचें आधण ठेवलेलें होतें. वळणावर फटफटीचा आवाज आला कीं आधण ठेवावयाचें, ही तिची जुनी संवय.