फिरकीच्या तांब्याचे आटे

(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पडलो बी. ए.; त्यातून केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली हलविणारे. तरीही मानसरोवरातील घराच्या मागल्या पडवीत आम्ही एक लहानसे लेथ यंत्र मांडून बसलो आहोत. लेथ म्हटले की मराठी माणसाला किर्लोस्कर आठवतात. त्यांचा हरिहरचा कारखाना १९४१ चा. आमचे यंत्र त्या घराण्यातले नव्हे, भंगारातून उचललेले.

आईवडिलांच्या काशीयात्रेतला फिरकीचा तांब्या घरात आहे. त्याच्या झाकणाचे आटे (इकडे त्यांना 'चूडी' म्हणतात) झिजून पाणी गळू लागले. आईला कार्तिकीला पंढरपूरला जायचे होते आणि चंद्रभागेचे पाणी त्याच तांब्यातून आणायचे होते. बाजारात उत्तर मिळाले, 'नया ले लो.'

झाकणासाठी पितळेचे नवे कडे कातून त्यात आटे पाडावे, असे आम्ही ठरविले. तांब्याच्या गळ्यावरील लगतच्या दोन आट्यांमधले अंतर मोजले. अडीच मिलिमीटर भरले. आमच्या यंत्राचा लीडस्क्रू इंची, इंचाला आठ आट्यांचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे चक्र लागते, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. ते चक्र आमच्याजवळ होते, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हांस थोडा गर्वही होता. १०० आणि १२७ ची जोडी लावली. प्रत्येक कापानंतर हत्यार मागे घ्यावयाचे, यंत्र उलटे फिरवावयाचे, पुन्हा कापावयाचे. रविवारची दुपार त्यात गेली. झाकण दोन वेढे सुरेख फिरले आणि चौथ्याला अडकून बसले.

रात्री पुन्हा मोजले, या वेळी पाच आट्यांचे अंतर एकदम. साडेबारा मिलिमीटर भरावयास हवे होते, भरले १२.७, म्हणजे नेमका अर्धा इंच! तांब्या इंचाचा निघाला. वेढ्याला ०.०४ मिलिमीटरची चूक, पण ती वेढ्यागणिक साठत जाते. कचेरीत पैशाची चूक धरणाऱ्या आमच्या ती ध्यानी येऊ नये! इंची लीडस्क्रूला ४० आणि ५० दात्यांची साधी चक्रे पुरत होती. अचूक लीडस्क्रूसाठी लंडनच्या हेन्री मॉड्स्लीने १८०० च्या सुमारास एवढी खटपट केली. आमच्या लीडस्क्रूचा दोष नव्हता, मोजणाऱ्याचा होता.

दुसरे कडे पुढच्या रविवारी कातले आणि झाकणात झाळून बसविले. तांब्या भरून रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. पहाटे उठून पाहतो, तो कागद कोरडा. आईने झाकण उघडले, पुन्हा लावले आणि म्हणाली, "जरा घट्टच लागतंय रे."